ह्यूस्टन रोडिओ घरच्यांसोबत: तिकिटापासून परतीच्या गाडीपर्यंत

ह्यूस्टन रोडिओ म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात दरवर्षी भरणारा मेळा: पशुप्रदर्शन, जत्रा, काउबॉयांचे खेळ आणि शेवटी गाणी. तिथे जाणाऱ्या आपल्या लोकांची चूक दरवर्षी तीच असते. गायकाचं नाव बघून तिकीट काढायचं, संध्याकाळी साडेसातला घरून निघायचं, पार्किंगच्या रांगेत तासभर अडकायचं आणि शेवटची चार गाणी ऐकून परतायचं. भारतातून आई-बाबा आलेले असतील, तर त्यांच्या लक्षात गर्दी, पायपीट आणि कानठळ्या एवढंच राहतं.

याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. हे गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट नाही. स्टेडियमच्या एका तिकिटात एनआरजी पार्क या सगळ्या आवाराचा प्रवेश, तिथल्या एनआरजी सेंटर या दालनातलं पशुप्रदर्शन, स्टेडियममधला रोडिओ (म्हणजे घोडे, वळू आणि दोरीचे खेळ) आणि त्यानंतरची गाणी हे सगळं येतं. वेगळे पैसे लागतात ते खाण्याला, पार्किंगला आणि जत्रेतल्या पाळण्यांना. म्हणून दुपारी जनावरं, मग जेवण, मग रोडिओ, शेवटी गाणी असा क्रम ठेवा. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

टप्पा १: आधी दिवस ठरवा, गायक नंतर

रोडिओ साधारण तीन आठवडे चालतो आणि त्यातले बहुतेक दिवस मार्चमध्ये येतात. आठवड्याच्या दिवशी रोडिओ संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सुरू होतो, शनिवार-रविवारी दुपारीच. संध्याकाळचा खेळ निवडलात तर गाणी संपेपर्यंत दहा वाजून जातात. लहान मुलं किंवा लवकर झोपणारी माणसं सोबत असतील, तर हा फरक गायकापेक्षा महत्त्वाचा आहे.

घरात शाळकरी मुलं नसतील तर पहिल्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार घ्या. जनावरांच्या दालनात निवांत फिरता येतं, खाण्याच्या रांगा छोट्या असतात. मुलं असतील तर शनिवार-रविवारशिवाय इलाज नसतो, पण त्यातही दोन गोष्टी टाळा. मार्चच्या मधल्या आठवड्यात इथल्या बऱ्याच शाळांना सुट्टी असते, तेव्हा भर दुपारीही पाय ठेवायला जागा नसते. दुसरी म्हणजे ‘गो तेहानो’चा रविवार, टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या संगीताचा खास दिवस. त्या दिवसाचं संगीत आणि वातावरण सुंदर असतं, पण गर्दीही बहुतेक वर्षी सर्वांत जास्त त्याच दिवशी होते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो दिवस झेपत नाही.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना उतरल्यावर निदान पाच-सहा दिवस द्या. इथे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडची पहाट. झोपेचं चक्र बसलेलं नसेल तर फटाक्यांच्या आवाजातही माणूस खुर्चीत डुलक्या घेतो.

> सावध: मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही. त्या दिवसाचं तिकीट असेल तर आदल्या रात्रीच सगळी घड्याळं लावून ठेवा.

टप्पा २: तिकीट काढणं

१. गायकांची यादी साधारण जानेवारीत जाहीर होते आणि लगेचच ऑनलाइन विक्री उघडते. त्याआधी तिकिटं विकणाऱ्या एएक्सएस या साइटवर खातं उघडा, कार्ड घालून ठेवा आणि लॉगिन चालतंय याची खात्री करा.

२. विक्री सहसा एकाच दिवशी दोन भागांत होते. सकाळी पहिल्या निम्म्या कार्यक्रमांची, दुपारी उरलेल्यांची. आपला दिवस कोणत्या भागात आहे ते आदल्या दिवशी बघा. चुकीच्या भागात तासभर ताटकळलेली माणसं दरवर्षी भेटतात.

३. विक्रीच्या अर्धा तास आधी ऑनलाइन प्रतीक्षा कक्ष उघडतो. त्यात आधी शिरलात म्हणून आधी नंबर लागत नाही. विक्री सुरू होताना क्रम चिठ्ठी काढल्यासारखा लागतो. म्हणून पहाटे उठण्यात अर्थ नाही, पण विक्रीच्या क्षणी आत असायलाच हवं. नंबर लागल्यावर पान रिफ्रेश करू नका.

४. पैसे भरण्याआधी तारीख, वार, वेळ आणि माणसं मोजा. लहान मुलाला कोणत्या वयापासून तिकीट लागतं ते त्या वर्षीच्या नियमांत वाचा.

५. तिकीट फक्त फोनवर मिळतं आणि त्यातला कोड सारखा बदलत राहतो. स्क्रीनशॉट काढून आई-बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो दारावर चालत नाही. प्रत्येक प्रौढाच्या खात्यावर त्याचं तिकीट ट्रान्सफर करा, नाहीतर सगळ्यांनी एकत्रच आत शिरा.

जागा कुठली घ्यावी? रंगमंच ताऱ्याच्या आकाराचा आहे. रोडिओ संपल्यावर तो मैदानाच्या मधोमध आणून उघडतात आणि तो फिरतो. त्यामुळे गाण्यांसाठी कुठलीच बाजू वाईट नाही. रोडिओसाठी मात्र फरक पडतो. नकाशावर घोडे आणि वळू जिथून सुटतात ते च्यूट शोधा आणि शक्य तितकं त्यांच्या जवळ बसा. सगळ्यात वरच्या, म्हणजे सहाशेच्या मजल्यावरची तिकिटं स्वस्त असतात आणि दिसतंही बरं, पण पायऱ्या उभ्या आहेत. ज्येष्ठांसाठी त्या मजल्यावरच्या खालच्या रांगा निवडा. व्हीलचेअर लागणार असेल तर तिच्यासाठी राखलेली जागा खरेदी करतानाच घ्या. आयत्या वेळी बदल होईलच असं धरून चालू नका.

फक्त जनावरं आणि जत्रा बघायची असेल तर ग्राउंड्सचा, म्हणजे नुसत्या आवाराचा, स्वस्त पास पुरतो. पण त्या पासावर स्टेडियममध्ये जाता येत नाही. वर्षानुवर्षं लोक इथेच फसतात.

> तपासा: ओळखीच्या ग्रुपवर कोणी पीडीएफ किंवा फोटोच्या रूपात तिकीट विकत असेल तर घेऊ नका. खरं तिकीट खात्यातून खात्यात येतं. ते तुमच्या ॲपमध्ये दिसेपर्यंत पैसे देऊ नका.

टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

पिशवी पारदर्शक हवी. १२ इंच लांब, ६ इंच रुंद, १२ इंच उंच या मापात बसणारी एक घ्या, किंवा गॅलनभर मापाची झिपची पिशवी. आईची नेहमीची पर्स घरीच राहू द्या. तिच्यातलं सगळं या पिशवीत मावतं का ते रात्रीच पाहा, कारण दारावर पर्स अडली की कोणाला तरी गाडीपर्यंत परत जावं लागतं आणि गाडी मैलभर लांब असते. औषधं मूळ डबीत, नावाच्या चिठ्ठीसकट ठेवा.

बूट बंदच हवेत. जमिनीवर भुसा, शेण, चिखल आणि सांडलेली सरबतं असतात. चप्पल किंवा सँडल घालून आलेल्या माणसाचा दिवस तिथेच बिघडतो. नवे काउबॉय बूट घ्यायचे असतील तर दोन आठवडे आधी घ्या आणि घरात वापरून मऊ करा. पहिल्याच दिवशी ते घालून पाच-सहा मैल चाललात तर टाचा सोलवटतात.

मार्चमधलं ह्यूस्टन दुपारी घाम काढतं आणि थंड वारं सुटलं की रात्री हुडहुडी भरवतं. स्टेडियमच्या आत एसीचा गारठा वेगळाच. प्रत्येकासाठी एक शाल किंवा जॅकेट घ्या. कानात घालायचे बोळे सगळ्यांसाठी, लहान मुलांना कान झाकणारे हेडफोन. ज्यांना दमा आहे त्यांनी इनहेलर खिशातच ठेवावा, कारण मैदानात माती उडते आणि दालनात भुशाची धूळ असते.

मुलांची उंची बुटांसकट इंचांत मोजून ठेवा. जत्रेतल्या प्रत्येक पाळण्याला उंचीची अट असते आणि ती पाळतातच. अर्धा तास रांगेत उभं राहून परत फिरलेल्या मुलाची समजूत घालणं अवघड जातं. मुलांच्या मनगटावर किंवा बुटाच्या जिभेवर तुमचा फोन नंबर लिहा. पाळण्यांची कुपनं बहुतेक वर्षी आगाऊ ऑनलाइन स्वस्त पडतात.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला मेंढीवर बसवायचं मनात असेल, म्हणजे ‘मटन बस्टिन’ला, तर वजन ५५ पौंडांच्या, म्हणजे जवळपास २५ किलोंच्या आत हवं. जागा मोजक्या असतात, म्हणून नोंदणी तिकिटाच्या दिवसांतच बघा.

टप्पा ४: पोहोचणं

गाडीने थेट पार्कवर जाण्याचा मोह टाळा. ६१० हा महामार्ग आणि पार्कलगतचा कर्बी ड्राइव्ह या रस्त्यांवर संध्याकाळी पाचनंतर वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकते आणि पार्किंगला भरपूर पैसे पडतात. मेट्रोची रेड लाइन हा सर्वांत भरवशाचा मार्ग. डाउनटाउन, म्युझियम डिस्ट्रिक्ट आणि मेडिकल सेंटरवरून ती थेट ‘स्टेडियम पार्क/ॲस्ट्रोडोम’ स्टेशनला येते. तिथे उतरलं की फॅनिन स्ट्रीटच्या पलीकडे पार्क. एका बाजूचं भाडं १.२५ डॉलर. परतीचं तिकीटही जातानाच काढून ठेवा, कारण रात्री मशीनपुढची रांगच गाडी चुकवते.

शुगरलँड, केटी किंवा वूडलँड्सकडून येणाऱ्यांनी त्या वर्षी कुठल्या पार्क अँड राइडवरून, म्हणजे गाडी लावून बस पकडायच्या तळावरून, रोडिओची बस सुटते ते पाहावं. गाडी कुठे लावली त्याचा फोटो काढा. लॉटचं नाव आणि खांबावरचा आकडा दोन्ही त्यात यायला हवेत.

आठवड्याच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत फाटकावर असा, शनिवार-रविवारी सकाळी दहा-साडेदहापर्यंत. आत शिरल्यावर लगेच भेटायची एक जागा ठरवा. हजारो फोन एका वेळी चालू असले की मेसेज पोहोचत नाहीत. “स्टेडियमपाशी भेटू” एवढ्याने भागत नाही. दरवाज्याचं नाव किंवा एखादी ठळक खूण सांगा.

टप्पा ५: जनावरं उजेडात बघा

एनआरजी सेंटरपासून सुरुवात करा. मुलांना ‘ॲगव्हेंचर’ विभागात न्या. गाभण गायी, मेंढ्या आणि डुकरिणी तिथे असतात आणि नशीब असेल तर जन्म डोळ्यांसमोर होतो. पिल्लांना हात लावता येतो तिथे एक नियम मोडू नका: बाहेर पडताना साबण आणि पाण्याने हात धुवा. सॅनिटायझर पुरत नाही, कारण जनावरांच्या शेणातून येणारा ई. कोलाय लहान मुलांना फार आजारी पाडू शकतो. दूधपित्या बाळाची बाटली, चोखणी किंवा खाऊ या भागात बाहेर काढू नका. स्ट्रोलरची चाकंही पुसा.

मग गोठ्यांच्या रांगांत शिरा. घाईत असलेले लोक हा भाग गाळतात, पण आपल्याकडच्या माणसांना सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. जाती दर काही दिवसांनी बदलतात. त्यामुळे त्या दिवशीचा तक्ता पाहा आणि ब्रामन गुरं असतील तर ती चुकवू नका. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, पडलेले लांब कान: आजोबांना ओळख करून द्यावी लागणार नाही. अमेरिकेतली ही जात गीर, कांकरेज, नेल्लोर म्हणजेच ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांपासून तयार झाली. सांगली-मिरजेकडचा माणूस त्या वशिंडापुढे थांबतोच. शाळकरी मुलं आपल्या कालवडीला धुतात, मोठ्या ब्लोअरने केस वाळवतात, पायांवरचे केस फवारा मारून उभे करतात आणि टोकाला आकडी असलेल्या लांब काठीने तिचा खूर इंचभर पुढे-मागे सरकवतात. ती बिथरली की त्याच काठीने पोटाखाली हळूच खाजवतात, की लगेच शांत. पाच मिनिटं उभे राहून हे बघा.

> सावध: गोठ्यातलं जनावर त्या मुलाचं असतं आणि वर्षभराची मेहनत त्यात असते. विचारल्याशिवाय हात लावू नका, मागून जाऊ नका, चारा देऊ नका. नीट विचारलंत तर बहुतेक मुलं स्वतःच माहिती सांगतात.

जत्रेतले पाळणे जनावरांनंतर आणि जेवणाआधी. उलट केलंत तर काय होतं ते सांगायला नको.

टप्पा ६: खाणं, विशेषतः शाकाहारी

बाहेरचं खाणं स्टेडियममध्ये नेता येत नाही. पथ्याचं काही असेल तर घरून पोटभर जेवून निघा. आत रोडिओच्या तासभर आधी खाऊन घ्या, कारण त्यानंतर रांगा दुप्पट होतात.

शाकाहारी माणसाला भाजलेलं कणीस, भाजलेला बटाटा, फळं, लिंबाचं सरबत आणि फ्राइज मिळतात. पण दिसण्यावर जाऊ नका:

- कॉर्न डॉग लांबून काठीवरच्या मिरची भजीसारखं दिसतं. आत सॉसेज असतं.
- रिफ्राइड बीन्समध्ये, म्हणजे शिजवून कुस्करलेल्या घेवड्यात, बऱ्याचदा डुकराची चरबी (लार्ड) असते, मेक्सिकन भातात कोंबडीचा रस्सा.
- बटाट्यावर न विचारता बेकनचा चुरा घालतात. “नो बेकन” ऑर्डर देतानाच सांगा.
- फनेल केक या तळलेल्या गोड पदार्थात बहुतेक ठिकाणी अंडं असतं.
- तळणीचं तेल मांसाला आणि फ्राइजना एकच असू शकतं. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारूनच घ्यावं.

“व्हेजिटेरियन आहे का?” असं विचारू नका. गर्दीत घाईने “हो” म्हणतात. “यात मीट, लार्ड किंवा चिकन स्टॉक आहे का?” असं एकेक नाव घेऊन विचारा.

रोडिओ सुरू होण्याआधीच्या गुरुवार ते शनिवार बार्बेक्यू स्पर्धा असते. तिच्याबद्दलचा गोंधळ वेगळाच. अडीचशेच्या वर तंबू, धूर, संगीत, आणि तरी तंबूंत जाता येत नाही, कारण संघांचे तंबू निमंत्रितांसाठी असतात. ऑफिसातल्या कोणाच्या संघाचं आमंत्रण असेल तरच त्या तीन दिवसांत जा. शाकाहारी घराने ते दिवस सोडले तरी काही गमावत नाही.

टप्पा ७: स्टेडियममध्ये

सुरू होण्याच्या ४५ मिनिटं आधी जागेवर बसा. स्वच्छतागृह त्याआधी. ज्येष्ठांना पायऱ्या एकदाच चढायला लागाव्यात.

खेळ समजला नाही तर दोन तास कंटाळवाणे जातात, म्हणून एवढं बसल्या बसल्या सांगून ठेवा:

उड्या मारणाऱ्या घोड्यावर किंवा वळूवर ८ सेकंद टिकायचं. धरायला एकच हात. मोकळा हात जनावराला किंवा स्वतःला लागला की बाद. गुण १०० पैकी, निम्मे स्वाराला आणि निम्मे जनावराला. म्हणून लोक वळूलाही टाळ्या वाजवतात. घोड्याच्या प्रकारांत पहिल्या उडीला स्वाराचे पाय घोड्याच्या खांद्याच्या वर हवेत, नाहीतर ८ सेकंद टिकूनही शून्य. वळूला ही अट नाही.

दोरीच्या प्रकारांत गुण नसतात, ज्याला कमी वेळ लागतो तो जिंकतो. एकट्याने वासरू पकडताना दोर टाकायचा, घोड्यावरून उतरायचं, तीन पाय बांधायचे आणि गाठ ६ सेकंद टिकायला हवी. जनावराला ठरलेली आघाडी मिळण्याआधी घोडा सुटला तर १० सेकंदांचा दंड. जोडीच्या प्रकारात एक शिंगं पकडतो, दुसरा मागचे पाय. एकच पाय सापडला तर ५ सेकंद वाढतात. बॅरल शर्यतीत स्त्रिया तीन पिंपांभोवती घोडा फिरवतात. पिंप पडलं की प्रत्येकी ५ सेकंद. डगमगलेलं पिंप हाताने सावरलं तर दंड नाही. सगळं स्टेडियम त्या क्षणी श्वास रोखून बघतं.

वासराला दोरीने खाली आणलेलं बघणं आपल्यातल्या अनेकांना जड जातं. ते स्वाभाविक आहे, आणि आधी न सांगता घरच्यांना त्यासमोर बसवणं बरोबर नाही. छापील क्रम पाहा. हा प्रकार साधारण सुरुवातीच्या भागात असतो आणि वळू शेवटी. ज्यांना नको असेल त्यांनी तेवढा वेळ बाहेरच्या मार्गिकेत काढावा, मग परत यावं.

‘काफ स्क्रँबल’ मात्र सगळ्यांनी बघा. मैदानात वासरं सोडतात आणि मुलं धावून ती पकडतात. वासरं कमी, मुलं जास्त. पकडेल त्या मुलाला जनावर विकत घ्यायला मदत मिळते. ते त्याने वर्षभर सांभाळायचं आणि पुढच्या वर्षी इथेच प्रदर्शनात आणायचं. तुमच्या तिकिटाचा पैसा कुठल्या कामाला लागतो हे सांगायला याहून चांगली जागा नाही. गोठ्यात दुपारी दिसलेल्यांपैकी काही मुलं याच वाटेने आलेली असतात.

टप्पा ८: गाणी आणि परत

रोडिओ संपला की अंधार होतो, फटाके सुटतात आणि रंगमंच मैदानात येतो. बोळे त्याआधी कानात. गाणी साधारण तासभर, क्वचित थोडी जास्त. पाणी प्यायला किंवा पाय मोकळे करायला रंगमंच लावेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं वापरा. गाण्यांच्या मध्ये उठलात तर अंधारात रांग सापडत नाही.

निघण्याच्या दोनच चांगल्या वेळा आहेत. एक, शेवटच्या दोन गाण्यांआधी. दुसरी, दिवे लागल्यावर अर्धा तास जागेवरच बसून मग. मधल्या वेळी निघालात तर स्टेशनच्या फलाटावर उभं राहायलाही जागा नसते आणि म्हाताऱ्या माणसाला धक्के लागतात. उबर बोलवायची असेल तर ठरवून दिलेल्या जागेपर्यंत आधी चालत जा, मग ॲपमध्ये गाडी मागवा. जागेवरून मागवली तर चालक वाट बघून रद्द करतो आणि पैसे कापले जातात.

> तपासा: उठण्याआधी खुर्चीखाली हात फिरवा. शाली, औषधांच्या डब्या आणि चष्मे तिथेच राहतात.

घरी पोहोचलात की बूट दाराबाहेरच काढा आणि तळवे ब्रशने, साबणाच्या पाण्याने घासा. रांगणारं बाळ घरात असेल तर हे सकाळवर ढकलू नका.